सुन्न करणारं मलम: कुठे, किती आणि किती वेळ

मेडिकलमध्ये जाऊन ‘झायलोकेन द्या’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस उलट विचारतो, ‘जेली, ऑइंटमेंट की स्प्रे?’ नवखा माणूस हाताला येईल ते उचलतो, घरी येऊन चोळतो, दहा मिनिटांत फरक वाटला नाही म्हणून पुन्हा चोळतो. घोळ इथूनच सुरू होतो. जेली २ टक्के, ऑइंटमेंट ५ टक्के, स्प्रे १० टक्के. औषध तिन्हींत एकच, लिग्नोकेन. पण तिघांच्या जागा वेगळ्या आणि मुरण्याचा वेगही वेगळा.

हे औषध कातडीतल्या बारीक नसांच्या टोकांना मेंदूकडे निरोप पाठवू देत नाही. काम तेवढंच. त्याने जखम भरत नाही, जंतू मरत नाहीत, खाजेचं कारण जात नाही. शिवाय कातडीतून आत मुरलेला भाग रक्तात उतरतो आणि जास्त झाला तर मेंदू आणि हृदयावरही तोच परिणाम करू लागतो. ‘वरून लावायचं तर आहे, त्याने काय होतंय’ असं म्हणणारे लोकच अडचणीत येतात. ताप आल्यावर आपण गोळ्या मोजून घेतो. हे मलमही तसंच मोजून लावायचं असतं.

पुढची मापं प्रौढांसाठी आहेत. मुलांचं गणित वेगळं, ते आठव्या पायरीत आहे.

हाताशी काय ठेवाल

- ट्यूब, तिचं खोकं आणि आतली घडीची माहितीपत्रिका (खोकं लगेच फेकू नका)
- जुनं एटीएम कार्ड किंवा फूटपट्टी, जागा मोजायला
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- पातळ हातमोजा किंवा कापसाची काडी
- ओल्या कापसाचे बोळे, साबण, मोबाइलचा गजर
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक धरून

१. आधी कारण ओळखा

मुंगी किंवा डास चावला, किरकोळ खरचटलं, उन्हाने कातडी जरा लाल झाली, सुई टोचण्याआधी किंवा चामखीळ काढण्याआधी जागा बधिर करायची आहे: अशा छोट्या, कारण माहीत असलेल्या दुखण्यासाठी हे मलम आहे. खाजेवर हात टाकण्याआधी एक साधा उपाय करून पाहा. बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा. निम्म्या वेळा ट्यूब उघडायची गरज पडत नाही.

जिथे मलम लावल्याने वेळ वाया जातो, त्या जागा अशा:

गजकर्ण. कडेने लाल, मधे जरा साफ, जांघेत किंवा कमरेला. ही बुरशी आहे, तिला बुरशीचंच औषध लागतं. सुन्न केल्याने खाज तासाभरासाठी थांबते आणि चट्टा तेवढ्यात पसरतो. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइड मिसळलेलं ‘थ्री-इन-वन’ मलम. त्याने चट्टा फिका दिसतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही.

खरूज. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती, आणि घरात एकाहून जास्त जण खाजवतायत. इथे ५ टक्के पर्मेथ्रिन मानेपासून पायाच्या नखांपर्यंत रात्रभर लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि आठवड्याने पुन्हा. एकट्यानेच लावलं तर खरूज घरातच फिरत राहते.

नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड, आग, ठणका. ‘विळखा पूर्ण झाला की माणूस जातो’ ही भीती खोटी आहे. नागीण ज्या नसेत असते त्या नसेच्याच पट्ट्यात येते, आणि ती नस सहसा पाठीच्या कण्यापासून एकाच बाजूला जाते. पण घाई मात्र खरी आहे. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. काव लावण्यात किंवा मलम चोळण्यात हे तीन दिवस घालवू नका. फुटलेल्या फोडांवर सुन्न करणारं मलम लावायचंच नाही.

विंचू. कोकणात आणि देशावरही हा प्रश्न येतोच. दंशाच्या जागी नुसता ठणका असेल तर बर्फ, आणि तरीही दवाखाना. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मलमाचा विचारही नको. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांवर प्रॅझोसिन वापरून दाखवलं आणि तिथून मृत्यू घटले. ते औषध जितक्या लवकर मिळेल तितकं बरं.

अंगावर काहीच उठलेलं नाही आणि तरी अंगभर खाज आहे, असंही होतं. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा कातडी कोरडी पडलेली असते. अंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं तरी फरक पडतो. त्यानेही थांबली नाही तर साखर, यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून घ्यावं लागतं.

२. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा

नाव मोठ्या अक्षरात असतं, कामाची गोष्ट खाली बारीक अक्षरात. ‘लिग्नोकेन’ आणि परदेशी पाकिटांवरचं ‘लिडोकेन’ हे एकच. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली ते तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. त्याआधीच्या पिढीतलं बेन्झोकेन अजूनही काही उत्पादनांत सापडतं. त्याने कातडीला ॲलर्जी होण्याचा संभव बराच जास्त, त्यामुळे पर्याय असेल तर टाळा.

टक्के कसे वाचायचे? १ टक्का म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम औषध. म्हणून ५ टक्क्यांच्या ऑइंटमेंटच्या एका ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम, आणि ३० ग्रॅमच्या अख्ख्या ट्यूबेत १५०० मिलिग्रॅम. डॉक्टर टाका घालताना हेच औषध सुईने देतात तेव्हा मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३०० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. वरून लावलेलं सगळं आत जात नाही हे खरं, पण हातातल्या ट्यूबेत किती माल भरलाय याची कल्पना असावी.

जेली मुख्यतः लघवीची वगैरे नळी घालताना, म्हणजे ओल्या नाजूक आवरणासाठी असते. कोरड्या, धड कातडीत ती नीट मुरत नाही. लोक हीच पाठीला चोळतात, ‘काही होत नाही’ म्हणतात, मग थर वाढवतात. स्प्रे तोंडा-घशासाठी, डॉक्टरांच्या हातात असायची वस्तू आहे. मोजून फवारा देणाऱ्या बाटलीतून एका दाबात १० मिलिग्रॅम बाहेर पडतं. तो खरचटलेल्या ढोपरावर मारू नका.

धड कातडीच्या आतपर्यंत पोचायला लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असं मिश्रण येतं. गंमत अशी की ही दोन्ही औषधं एकेकटी घरातल्या तापमानाला घट्ट असतात, एकत्र केली की तेलासारखी पातळ होतात, आणि म्हणूनच कातडीत उतरतात. रक्त काढणं, सलाइनची सुई, लेझर यांच्याआधी हेच लावतात.

बाकी दोन गोष्टी बघा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीवरचं औषध आहे. आणि सोबत स्टेरॉइड आहे का ते पाहा; मुळव्याधीच्या कितीतरी मलमांत लिग्नोकेनबरोबर ते असतं. तसलं मलम आठवड्याच्या वर स्वतःच्या मनाने चालवू नये, आणि ‘उरलंय’ म्हणून चेहऱ्याला तर कधीच नाही.

अमेरिकेहून येणारे नातेवाईक क्रीम आणि पट्ट्या आणतात, त्यांच्यासाठी: तिथे चिठ्ठीशिवाय विकायच्या मलमात लिडोकेन ४ टक्क्यांपर्यंतच चालतं. ऑनलाइन ‘टॅटू स्पेशल’ म्हणून त्याहून तीव्र माल विकणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये इशारापत्रं दिली.

३. यांनी विचारल्याशिवाय लावू नये

- दाताच्या किंवा टाक्याच्या भुलीच्या इंजेक्शनने कधी अंगावर पित्त उठलं असेल, घसा आवळला असेल
- हृदयाचे ठोके अनियमित असण्यावर गोळ्या चालू आहेत
- यकृताचा मोठा आजार आहे (लिग्नोकेनचा निचरा यकृतच करतं)
- जी-सिक्स-पी-डीची (रक्ताच्या लाल पेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता सांगितलेली आहे
- गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई. स्तनाग्राला तर नाहीच, बाळाच्या तोंडात जातं

प्रिलोकेन किंवा बेन्झोकेन असलेल्या मलमाच्या बाबतीत आणखी एक यादी आहे. डॅप्सोन (कुष्ठरोगाच्या उपचारात असतं), मलेरियाचं प्रायमाक्विन, सल्फाच्या गोळ्या, लघवीच्या जंतुसंसर्गाचं नायट्रोफ्युरँटॉइन, फिटचं फेनिटोइन. यांच्या जोडीला हे मलम आलं तर रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून जाऊ शकतं. केमिस्टला नुसतं ‘चालेल ना?’ विचारू नका, औषधांची यादी दाखवा.

४. किती? वजनात मोजा

‘थोडंसं’ हे माप नाही. तीन मापं लक्षात ठेवा.

पातळ थरासाठी बोटाचं पेर. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक वळी काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, ट्यूबेचं तोंड ५ मिलिमीटरचं असेल तर. बारीक तोंडाच्या ट्यूबेतून कमी निघतं. एवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पातळ पुरतं.

५ टक्के ऑइंटमेंट एका वेळी ५ ग्रॅमच्या वर नाही. म्हणजे ट्यूबेतून काढलेली सुमारे १५ सेंटिमीटरची वळी. दिवसाला सगळं मिळून १७ ते २० ग्रॅमच्या वर कधीच नाही. हा अगदी वरचा काठ झाला. डास चावलेल्या जागेला हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरतं. दिवसातून तीन-चार वेळा बस्स, आणि सात दिवसांत आराम नसेल तर मलम बंद करून डॉक्टर गाठा.

लिग्नोकेन-प्रिलोकेन क्रीमचं गणित थराचं आहे. सुई टोचण्याआधी २ ते २.५ ग्रॅम, जागा २० ते २५ चौरस सेंटिमीटर. अर्धं एटीएम कार्ड म्हणजे सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. ५ ग्रॅमच्या छोट्या ट्यूबेतलं निम्मं क्रीम अर्ध्या कार्डाएवढ्या जागेवर: हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा.

शंका वाटली तर ट्यूब लावण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. फरक म्हणजे लावलेलं औषध. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा असला तरी मोठी चूक पकडायला पुरेसा आहे.

५. लावायची रीत

पहिल्यांदाच वापरत असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढं लावून एक दिवस थांबा. पुरळ, गांधी, सूज आली तर पुढे जायचं नाही.

जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा. घासू नका. वस्तरा फिरवला असेल तर त्याच दिवशी मलम नको. वस्तऱ्याने कातडीचा वरचा थर खरवडला जातो आणि औषध भराभर आत जातं. तेच भाजलेल्या, सोललेल्या, इसब झालेल्या कातडीचं. इसबावर डॉक्टरांनीच क्रीम सांगितलं असेल तर वेळही तेच कमी करून देतात, कधी १५ ते ३० मिनिटंच.

ऑइंटमेंट पातळ लावायचं आणि उघडं ठेवायचं. लिग्नोकेन-प्रिलोकेनचा मात्र जाड थर थापायचा, चोळायचा नाही, सायीसारखा वर दिसला पाहिजे. त्यावर सोबत मिळणारी पारदर्शक पट्टी. लगेच गजर लावा आणि लावल्याची वेळ पट्टीवर पेनाने लिहा. तासाभरात बधिरपणा साधारण ३ मिलिमीटर आत पोचतो, दोन तासांत ५ मिलिमीटर. म्हणून पॅथॉलॉजीवाला दारात आल्यावर क्रीम लावण्यात अर्थ नाही. लोकांची निम्मी नाराजी ‘लागूच पडलं नाही’ ही असते, आणि त्यातली बरीचशी दहा मिनिटांत पट्टी काढणाऱ्यांची असते.

वेळ झाली की कापसाने पुसा, मग साबणाने धुवा. जागा पांढुरकी दिसेल, नंतर थोडी लाल, दोन्ही ठीक. क्रीम काढल्यानंतरही बधिरपणा तास-दोन तास टिकतो. तेवढ्या वेळात नखं लावू नका, गरम पाण्याची पिशवी नको, चुलीपासून सांभाळा. भाजलेलं कळणार नाही. ज्या हाताने लावलं तो हात आधी धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन डोळा झाकून ठेवा, चोळू नका: बुबुळ बधिर असतं, ओरखडा पडला तरी समजत नाही. कानाचा पडदा फाटला असेल तर कानात काहीही घालू नये, हे तर नाहीच.

६. गुंडाळणं आणि शेकणं

अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुलींनी पायभर तीव्र सुन्न करणारं क्रीम लावलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना फिट आली, दोघी बेशुद्ध झाल्या आणि गेल्या. तिथल्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००७ मध्ये यावरून जाहीर इशारा दिला.

यात प्रत्येक गोष्ट दुसरीला वाढवत गेली: तीव्र औषध, अख्खे पाय, प्लास्टिकखालची ऊब आणि ओल, जास्त वेळ. आपल्याकडच्या पार्लरमध्ये हीच कृती सहज चालते. ‘घरूनच लावून या, वर क्लिंग फिल्म गुंडाळा’ असं कुणी सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: औषध कोणतं आणि किती टक्के, किती ग्रॅम, आणि जागेवर डॉक्टर आहेत का. बिननावाच्या डबीतलं क्रीम असेल तर घरी परत या. भाकरी-पोळीसाठीची क्लिंग फिल्म मांडीभर गुंडाळायची वस्तू नाही. कंपनीने दिलेल्या छोट्या पट्टीपुरतंच झाकणं ठेवा.

शेकणं, उन्हात बसणं, मलम लावून व्यायाम, यानेही रक्तपुरवठा वाढतो आणि औषध ओढलं जातं.

७. चिकटवायची पट्टी

५ टक्के लिग्नोकेनची पट्टी नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या दुखण्यासाठी आहे. फोड पूर्ण सुकल्यावर, धड कातडीवर. प्रमाण ठरलेलं: एका वेळी जास्तीत जास्त तीन, १२ तास लावून १२ तास मोकळं. जागेच्या मापाने कापता येते, पण कागद सोलण्याआधी.

नेहमीच्या १० गुणिले १४ सेंटिमीटरच्या पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध असतं आणि वापरून झाल्यावरही त्यातलं ९५ टक्के तसंच उरतं. म्हणून वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि झाकणाच्या डब्यात टाका. रांगतं मूल किंवा कुत्रं ती चघळेल अशा उघड्या टोपलीत नको.

८. लहान मुलं

दात येताना हिरड्यांना सुन्न करणारी जेल लावायची नाही. बाळ ती गिळतं, घसा बधिर होतो, दूध ठसकतं. जास्त गेली तर फिट येते. थंड केलेली, गोठवलेली नव्हे, रबरी रिंग किंवा स्वच्छ बोटाने हिरडी दाबणं पुरतं. बेन्झोकेन दोन वर्षांखालच्या मुलांना मुळीच नाही.

लसीआधी किंवा रक्त काढताना बालरोगतज्ज्ञांनी लिग्नोकेन-प्रिलोकेन सांगितलं तर वरची मर्यादा वय आणि वजन दोन्ही बघून ठरते. तीन महिन्यांपर्यंत किंवा ५ किलोच्या आत: १ ग्रॅम, एक तास. तीन ते बारा महिने आणि ५ किलोच्या वर: २ ग्रॅम. एक ते सहा वर्षं आणि १० किलोच्या वर: १० ग्रॅम. वय बसतं पण वजन बसत नसेल तर खालचा आकडा धरा. पट्टीवर पायमोजा चढवून ठेवा. मुलं ती चाटतात.

९. ही लक्षणं दिसली तर

ओठांभोवती आणि जिभेला मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, गरगरणं, बोलणं अडखळणं, हात थरथरणं: औषध रक्तात जास्त झालंय. यानंतर फिट येऊ शकते, ठोके बिघडू शकतात.

ओठ आणि नखं निळी-करडी, धाप, डोकं ठणकणं, आणि हे लावल्यानंतर काही तासांनीही: हिमोग्लोबिन बिघडल्याची खूण. बोटावरचा ऑक्सिमीटर अशा वेळी ८५च्या आसपास अडकून बसतो आणि प्राणवायू लावूनही वर चढत नाही. आकडा ‘तसा बरा’ दिसला म्हणून घरी थांबू नका. यावर मेथिलीन ब्लू नावाचं औषध असतं, ते रुग्णालयातच देतात.

दोन्हींत क्रम एकच. पट्टी काढा, मलम पुसा, साबणाने धुवा, माणसाला एकटं सोडू नका, १०८ला फोन करा. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात पाणी घालू नका. ट्यूब आणि खोकं सोबत घ्या, आणि कॅज्युअल्टीत आधी तीन गोष्टी सांगा: किती ग्रॅम, किती वाजता, कुठे लावलं.